पाच मिलिमीटरांचे आरमार

समुद्रापासून रेल्वेमार्गाने सुमारे ७०० किलोमीटर आत, जिथे पाणी म्हटले की ते नळाला किती दिवसांआड येणार एवढाच प्रश्न सुज्ञ माणसाच्या मनात उभा राहतो, आणि जिथे नौकानयनाचा सार्वजनिक अनुभव आगगाडी वर्धा नदीच्या पुलावरून खडखडत जाताना खिडकीतून पाण्यात नाणे टाकण्यापलीकडे सहसा गेलेला नसतो, अशा धामणगाव रेल्वे या गावी एखाद्या वयस्क, निवृत्तिवेतनभोगी आणि तोवर सर्वथा निरुपद्रवी मानल्या गेलेल्या गृहस्थाने ओसरीवर बसून शिडाचे जहाज बांधावयास घ्यावे, ही बातमी गावात ज्या वेगाने पसरावयास हवी त्याच वेगाने पसरली. मात्र लोकांनी विचारलेला प्रश्न माझ्या अपेक्षेहून निराळा निघाला. जहाज कशासाठी, असे कोणी विचारले नाही. वऱ्हाडी मनुष्य दुसऱ्याच्या छंदाविषयी उदार असतो, कारण त्यात त्याच्या पदरचे काही खर्च होत नाही. ज्याने त्याने विचारले ते एवढेच, की लाकूड कोणते घेतले? आणि उत्तराची वाट न पाहता ज्याने त्याने आपले मतही देऊन टाकले. ते मत घरोघरी एकच होते: सागवान.

आमचे हे शेजारी कापसाचे ग्रेडर होते. १९७२ साली राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली, त्यानंतरच्या दशकांत खरेदी केंद्राबाहेर उभ्या असलेल्या बैलगाड्यांची रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ग्रेडर या पदाचा दरारा वेगळा सांगावयास नको. गाडीतला मूठभर कापूस घ्यावा, सरकी बाजूला सारावी, उरलेली रुई दोन्ही हातांच्या अंगठ्या-तर्जनीत धरून हलके ओढावी, तुटलेले तंतू एकावर एक बसवून पुन्हा ओढावे, आणि मग समोर हात जोडून उभ्या असलेल्या मनुष्याच्या संपूर्ण वर्षाचा निकाल 'सुपर', 'एफ.ए.क्यू.' किंवा नुसते 'कवडी' अशा एका शब्दात लावून टाकावा, हे त्यांचे उभ्या हयातीचे काम. नोकरी संपली, खरेदी केंद्रांची ती शानही ओसरली. परंतु अंगठा आणि तर्जनी ही दोन इंद्रिये सेवानिवृत्त होत नाहीत. गाव त्यांना अद्याप ग्रेडरसाहेबच म्हणते, आणि मीही येथे तेच म्हणणार आहे.

वऱ्हाडचा आणि शिडाचा संबंध काय, असे मी एकदा सहज विचारले, तेव्हा साहेबांनी चष्मा पुसून मला जे ऐकवले ते सर्वस्वी टाकाऊ नव्हते. अमेरिकेत १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध चालले आणि तिकडचा कापूस लिव्हरपूलला पोहोचेनासा झाला, त्या वेळी इंग्रजांच्या गिरण्यांना अमरावतीची आठवण झाली; लिव्हरपूलच्या बाजारात आपल्या कापसाला 'ऊमरा' असे अमरावतीवरून पडलेले नाव होते; जी.आय.पी. कंपनीचे रूळ १८६७ साली नागपूरला जाऊन भिडले ते या रुईच्या वासावरच. आणि सुएझचा कालवा १८६९ साली उघडेपर्यंत मुंबईहून निघालेल्या कापसाच्या गाठी आख्ख्या आफ्रिका खंडाला वळसा घालून विलायतेला जात होत्या त्या शिडांच्याच जहाजांतून. "म्हणजे बघा," ते म्हणाले, "आपलं धामणगावचं स्टेशन ही मुंबई बंदराचीच मागची ओसरी झाली की नाही?" या भूगोलावर मी हरकत घेतली नाही. आमच्या गावातील जिनिंगच्या फाटकावर रुईचे पुंजके वाऱ्याबरोबर उडताना पाहिले, की त्यांतील एखाद्याचे पूर्वज केप ऑफ गुड होपला वळसा घालून गेले असतील हे मानावयास काही अडचण पडत नाही.

आता जहाज कोणते बांधावे, हा विषय निघाला. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांनी मलबारी सागवानाचे बांधलेले आणि १८१७ साली पाण्यात उतरवलेले 'ट्रिंकोमली' इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे, त्याचे नकाशे मिळतात, छायाचित्रे मिळतात, दोरादोराचा हिशेब मिळतो. या जहाजाचे मूळ नकाशे मुंबईला घेऊन निघालेले 'जावा' नावाचे जहाज १८१२ च्या अखेरीस अमेरिकनांनी लढाईत जिंकून नष्ट केले, आणि विलायतेहून नकाशांची दुसरी प्रत रवाना करावी लागली, हा वृत्तान्त साहेबांना विशेष प्रिय होता. टपाल गहाळ होण्याचे प्रकार केवळ आपल्याकडेच घडतात असे नाही, हे त्यातून सिद्ध होते. तथापि परक्या राजाच्या आरमारासाठी आपण या वयात सुतारकी करावी हे त्यांच्या मनाला रुचेना. अखेर कान्होजी आंग्र्यांच्या ताफ्यातली गुराब ठरली: दोन डोलकाठ्यांची, निमुळत्या लांब नाळेची, उथळ पाण्यात निर्धास्त शिरणारी आणि नाळेवरच्या तोफा सरळ पुढे रोखून शत्रूच्या अंगावर जाणारी. कोकणचे कारागीर जहाज नजरेने बांधीत, कागदावर रेघा ओढून ठेवण्याच्या भानगडीत फारसे पडत नसत. त्यामुळे नकाशाच्या बाबतीत साहेबांना जे स्वातंत्र्य मिळाले ते वाडियांनाही मिळाले नव्हते.

प्रमाण ठरले एका फुटाला पाव इंच, म्हणजे अठ्ठेचाळिसास एक. येथून संकटास प्रारंभ झाला. खऱ्या जहाजाच्या कुशीवरील दहा इंच रुंदीची आणि तीन इंच जाडीची फळी अठ्ठेचाळिसाने भागली, की हाती येते ती साधारण पाच मिलिमीटर रुंद आणि दीड मिलिमीटर जाड अशी एक पट्टी. अशा पट्ट्या, हातभर लांबीच्या, सरळ, निर्दोष, एका रंगाच्या, शेकड्यांनी हव्यात. एवढी माहिती घेऊन साहेब लाकडाच्या टालावर गेले, आणि हौसेने मीही बरोबर गेलो.

टालवाल्या शेठजींनी आम्हांस बसावयास खुर्च्या दिल्या, चहा सांगितला, आणि घराचे काम कुठवर आले अशी चौकशी केली. घर नसून जहाज आहे असे कळल्यावर त्यांनी मुद्रा यत्किंचितही न पालटता विचारले, "किती घनफूट?" साहेबांनी खिशातून कागद काढून गुणाकार केला. सर्व पट्ट्या मिळून जे आकारमान निघाले ते शेठजींच्या चहाच्या किटलीत मावले असते. यावर शेठजींनी दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाले, "सागवान घ्या साहेब, परतवाड्याचा माल आहे. नातवाच्या नातवापर्यंत चालन." मेळघाटच्या जंगलातले साग परतवाड्याच्या बाजारात येते आणि तिथून वऱ्हाडच्या दारांत, खिडक्यांत, पलंगांत व मुलीच्या लग्नातल्या आलमारीत शिरते, त्यामुळे लाकूड म्हणजे सागवान, आणि सागवान नव्हे ते सरपण, अशी द्विविध विभागणी आमच्या प्रांतात सर्वमान्य आहे. त्यातून, आंग्र्यांची गुराब खरोखरच सागाची असे, वाडियांचे जहाज सागाचे होते, हा इतिहासही शेठजींच्याच बाजूने साक्ष देत होता. खऱ्या जहाजाला जे लाकूड लागले तेच त्याच्या प्रतिकृतीला लागावे, यापेक्षा अधिक सरळ तर्क कोणता?

परंतु साहेबांनी सागाचा एक तुकडा उचलला, त्याचे डोके पटाशीने साफ केले, खिशातले भिंग काढले आणि माझ्या हाती दिले. सागाच्या आडव्या कापावर साध्या डोळ्यांनाही दिसतील अशी छिद्रे असतात, ती वर्षागणिक वलयाकार ओळीने मांडलेली असतात, आणि उभ्या कापावर त्यांच्याच बारीक चिरा होतात. दारावर त्या शोभतात. "आता हिशेब करा," साहेब म्हणाले. मोठ्या छिद्राचा व्यास पाव मिलिमीटर धरला, तरी ४८ ने गुणल्यावर तो १२ मिलिमीटर होतो. म्हणजे ज्या गुराबेवरून तोफा उडावयाच्या तिच्या फळीफळीला बोट सहज आत जाईल अशी भोके पडलेली! ज्या कोणी इवल्या खलाशाने या जहाजावर पाय ठेवावा, त्याला आपण लाकडावर उभे आहोत की चाळणीवर, हा संभ्रम पडावा. खऱ्या सागाने बांधलेली गुराब खोटी दिसते. खरी दिसावयाची असेल तर ती सागाखेरीज अन्य कशाची तरी बांधली पाहिजे, असे ऐकल्यावर शेठजींनी आमचा चहा थंड होत असल्याचे निदर्शनास आणून दिले.

अधिक मौज पुढेच आहे. सागाचे जे गुण समुद्रावर नावाजले गेले तेच टेबलावर अवगुण ठरतात. त्याच्या अंगात तेल असते, म्हणून ते पाण्याला, किडीला दाद देत नाही. पण त्याच तेलामुळे ते सरसालाही दाद देत नाही, आणि दीड मिलिमीटरची पट्टी तर सरसावरच तगते. विलायती ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे खाल्ले जातात, सागात ते टिकतात, हे त्याचे मोठेच भूषण. परंतु आमच्या गुराबेत लोखंडी खिळा औषधालाही नव्हता. सागाच्या पेशींत वाळूचा अंश असतो, त्याने रंध्याचे पाते बोथट होते. खऱ्या जहाजाचे मिस्त्री ते सहन करीत, कारण त्या मोबदल्यात जहाज शंभर वर्षे तरे. साहेबांची गुराब भिंतीवरील काचेच्या कपाटात तरावयाची होती, आणि तिथला मुख्य शत्रू म्हणजे दिवाळीची साफसफाई.

सागवान गेले, मग उरले काय? इटलीत व स्पेनमध्ये जहाजांचे तयार संच पेटीत घालून विकतात. त्यांत आतल्या थरासाठी लाइमचे मऊ लाकूड आणि बाहेरच्या थरासाठी अक्रोड, असा बेत असतो, आणि उच्चभ्रू कारागीर पेअरवुड किंवा बॉक्सवुड वापरतात, ज्यांचा पोत इतका दाट की छिद्र शोधावयास भिंगही अपुरे पडते. परंतु पेटीची किंमत, जकात आणि टपाल यांची बेरीज केल्यावर साहेबांनी तो कागद शांतपणे घडी करून ठेवला. बाल्सा नावाचे इक्वेडोरकडचे लाकूड पोरांच्या विमानांसाठी मिळते. त्याला नखाने नक्षी काढता येते, हीच त्याच्याविरुद्ध सर्वांत मोठी तक्रार. आइसक्रीमच्या काड्यांची सूचना एका हितचिंतकाने केली. काड्या सरळ, गुळगुळीत आणि स्वस्त असतात यात वाद नाही, पण त्या बोटभर असतात, आणि आरमारासाठी लागणारे आइसक्रीम मधुमेही ग्रेडराने खाणे वैद्यकशास्त्रास मान्य नव्हते. संत्र्यांच्या पेट्यांचा पर्याय मात्र काही काळ गंभीरपणे विचाराधीन राहिला. वरूड-मोर्शीकडून माल घेऊन येणाऱ्या जुन्या पेट्यांच्या फळ्या सालईच्या किंवा तसल्याच पोरक्या लाकडाच्या. हलक्या, पांढऱ्या आणि जवळजवळ फुकट. आतल्या थरासाठी, जो कोणाला दिसावयाचा नाही, त्या मंजूर झाल्या. त्यामुळे आज त्या गुराबेच्या पोटात, आंग्र्यांना कल्पना नसेल अशा ठिकाणी, एका फळव्यापाऱ्याचा अर्धामुर्धा शिक्का आहे.

वनखात्याच्या परवान्याविषयी एक शब्द लिहिणे प्राप्त आहे. जंगली लाकडाच्या वाहतुकीला परवाना लागतो, हातोड्याची निशाणी लागते, हे ज्ञात असल्यामुळे आणि सरकारी नोकरीत आयुष्य गेल्यामुळे, परतवाड्याहून नमुन्याचे दीड-दोन किलो लाकूड कापडी पिशवीतून एसटीने आणताना साहेबांनी दुकानदाराकडून पक्की पावती, तीवर लाकडाची जात, लांबी, रुंदी व जाडी आणि खाली सही-शिक्का असा सर्व दस्तऐवज करवून घेतला, आणि धामणगावात उतरेपर्यंत ती पावती वरच्या खिशात, दिसेल अशी, ठेवली. वाहकाने ती पाहिली नाही. तपासणी नाक्यावर कोणी पाहिली नाही. याचा साहेबांना झालेला विषाद मी पुढे कित्येक दिवस पाहत होतो.

अखेर लाभ झाला तो गावातच, आणि तोही टालाच्या मागच्या बाजूला, जिथे नापास माल रचून ठेवतात. हळदू नावाचे एक लाकूड आमच्या जंगलांत होते. कोकणात त्याला हेद म्हणतात. नावाप्रमाणे पिवळे, छिद्र दिसणार नाही इतके दाट, रंध्याखाली लोण्यागत निघणारे. पूर्वी फण्या करीत त्या याच्या, आणि गिरण्यांतले सुताचे बॉबिनही याचे. दारे-खिडक्या करणाऱ्यांच्या लेखी त्याला मान नाही, कारण उन्हापावसात ते सागाइतके टिकत नाही. म्हणून शेठजींच्या टालात एक फळी पुष्कळ काळ भिंतीला टेकून बेवारस उभी होती, आणि तिच्यावर मांजर झोपत असे. साहेबांनी फळीवर नख ओढले, थुंकी लावून रंग पाहिला, मग एक ढलपी काढून अंगठ्या-तर्जनीत धरून जी त्यांच्या धंद्यातली जुनी हालचाल होती तीच केली. "सुपर," ते म्हणाले. कित्येक वर्षांत त्यांच्या तोंडून तो शब्द कोणी ऐकला नव्हता. मांजर उठून गेले. शेठजींनी फळीचे पैसे घेण्यास आढेवेढे घेतले, आणि मग घेतले.

पिवळ्या कुशीवर काळसर पट्टे हवेत. जहाजाच्या कमरेला जी जाड, मजबूत फळ्यांची रांग असते तिला गडद लाकूड शोभते. त्यासाठी शिसव पाहिजे, आणि बाजारातली शिसव परवडण्याजोगी नसल्यामुळे साहेबांची नजर घरात वळली. येथून पुढचा भाग गृहकलहाचा आहे, परंतु त्याला ऐतिहासिक आधार असल्यामुळे मी तो गाळत नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचे एक प्रकरण आहे, आणि त्यात लाकडाविषयी मोठी विचारपूर्वक आज्ञा आहे: सागवान वगैरे जे जंगलात मिळते ते हुजुरांच्या परवानगीने तोडावे, आंबा-फणसाचे लाकूडही जहाजाच्या उपयोगी, परंतु त्याला हात लावू नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती दीर्घकाळ जीव लावून वाढवलेली असतात, ती तोडली तर त्यांच्या दुःखास पारावार नाही, एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, त्याला द्रव्य देऊन, त्याच्या संतोषाने न्यावे, बलात्कार सर्वथा करू नये. हे मी एके सायंकाळी ओसरीवर साहेबांना समजावून सांगत असता आतून वहिनी ऐकत होत्या, याची मला कल्पना नव्हती. त्या पदराला हात पुशीत बाहेर आल्या. "भाऊजी, ते पुन्हा एकदा सांगा बरं, रयतेचं." मी सांगितले. "मग यांना सांगून ठेवा," वहिनी म्हणाल्या, "की माझ्या आईनं दिलेला पोळपाट जीर्ण झालेला नाही, आणि धनी राजी नाही. लाटणं मी मोजून ठेवलंय."

पोळपाट आरमारातून वगळण्यात आला. तथापि माळ्यावर एका पायाने लंगडा झालेला शिसवी पाट निघाला, ज्याच्यावर आता कोणी बसत नव्हते, आणि आज्ञापत्रातील जीर्ण झाडाचे कलम त्याला लागू पडते की नाही यावर उभयपक्षी वाटाघाटी झाल्या. धन्याचा संतोष मिक्सरच्या नव्या भांड्यावर ठरला. मुलुखात इतकी सुरळीत खरेदी अमात्यांच्या काळानंतर झाली असेल असे वाटत नाही.

आता पट्ट्या कापणे. आरा मशीनचे पाते जेवढे लाकूड वेगळे करते त्याहून अधिक भुश्शात घालवते. दीड मिलिमीटरची पट्टी मिळवावयास तीन मिलिमीटर भुसा द्यावा लागतो, हा व्यवहार कोणत्याही व्यापाऱ्याला पटण्याजोगा नाही. म्हणून बारीक दातांचे गोल पाते बसवलेले छोटे यंत्र ज्यांच्याकडे होते अशा एका मिस्त्रींना गाठावे लागले. तान्ह्या पोळ्याला पोरे जे लाकडी बैल दोरीने ओढत नेतात, ते हे मिस्त्री करीत. त्यांनी फळी उलटीपालटी करून पाहिली. "साहेब, हे जाहाज हाय, का आगपेटीचा कारखाना? एवढ्या बारीक पट्ट्या म्या जलमात काहाडल्या नाही जी." साहेबांनी त्यांना सगळा बेत सांगितला, नाळ, डोलकाठी, तोफा, सर्व. मिस्त्री मन लावून ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारले, "मंग खालून चाकं लावू का जी?" साहेब गप्प राहिले. "नाही, म्हनलं, इथं पानी कुठं हाय? चाकं राहिले तं पोरं वढतीन तरी." व्यावहारिक दृष्टीने पाहता त्या सूचनेत मला काही दोष आढळला नाही.

पट्ट्या घरी आल्या आणि खरेदी केंद्र पुन्हा उघडले. सकाळचे ऊन ओसरीवर आले की साहेब सतरंजी अंथरीत, डाव्या हाताला पट्ट्यांचा भारा, समोर तीन रिकामी ताटे. एक पट्टी उचलावी, डोळ्याशी बंदुकीप्रमाणे धरून तिच्या कडेवरून टोकापर्यंत नजर टाकावी. वाकडी असेल तर तिथेच निकाल. सरळ असेल तर रेषा पाहावयाच्या. लाकडाच्या रेषा पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिला समांतर धावत गेल्या पाहिजेत. मध्येच त्या तिरप्या होऊन कडेला बाहेर पडत असतील, तर वाकवताना पट्टी नेमकी तिथेच मोडणार. मग दोन्ही टोके धरून हळूहळू कमान करावयाची. कमान सर्वत्र सारखी गोल आली तर ठीक, एखाद्या ठिकाणी कोन पडला तर आत गाठ दडलेली आहे असे समजावे, मग ती दिसो वा न दिसो. अखेरीस रंग: एकाच फळीतून लागोपाठ निघालेल्या पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून जोड्या लावावयाच्या, म्हणजे डाव्या कुशीला जो पिवळा रंग तोच उजव्या कुशीला येतो. पहिल्या ताटात सुपर, दुसऱ्यात एफ.ए.क्यू., तिसऱ्यात कवडी; आणि ज्या पट्ट्या तिसऱ्या ताटाच्याही लायकीच्या नसत त्यांना साहेब 'फरदड' म्हणून मागे न पाहता अंगणात टाकीत. तिथे वहिनींचे तुळशीवृंदावन होते, आणि त्या मोसमात तुळशीपुढच्या निरांजनाला काड्यांची कधी ददात पडली नाही. येणारे-जाणारे शेतकरी फाटकाशी थबकत. एक वयोवृद्ध पाटील तर बराच वेळ पाहत उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, माह्या कापसाले कवडी म्हनलं होतं न तुमी, त्या वक्ती. तवापासून तुमचा हात असाच कडक हाय." साहेबांनी मान वर न करता त्यांची पट्टी, म्हणजे हाती असलेली पट्टी, दुसऱ्या ताटात टाकली.

रेषांच्या या प्रकरणात सर्वांत अधिकारवाणीने बोलले ते बुरूड. टोपल्या विणणाऱ्या माणसाला लाकडी खिळ्यांसाठी बारीक कमच्या हव्यात म्हणून साहेबांनी बोलावले होते. जहाजाच्या फळ्या लाकडी खिळ्यांनी ठोकलेल्या दाखवावयाच्या तर सुतासारख्या बारीक बांबूच्या काड्याच हव्यात, कारण बांबूचे तंतू शेंड्यापर्यंत अखंड जातात. बुरुडाने कोयत्याने कांब दुभागली, पुन्हा दुभागली, पुन्हा दुभागली, पाहता पाहता कमचीची काडी झाली, आणि तिच्यात एकही रेष कडेला बाहेर पडलेली नव्हती. मिस्त्री करवतीने आपल्या मनाची रेघ लाकडावर लादतो. बुरूड लाकडाचीच रेघ धरून जातो. हे पाहिल्यावर साहेबांनी हळदूच्या काही तुकड्यांवर कोयता चालवून पाहिला, आणि फाडून काढलेल्या त्या मोजक्या पट्ट्या नाळेच्या बाकासाठी, जिथे वळण सर्वांत तीव्र, निराळ्या बांधून ठेवल्या. त्यांतली एकही मोडली नाही. करवतीच्या पट्ट्यांविषयी मी हे म्हणू शकत नाही.

पट्ट्या बसवण्याची कथा थोडक्यात सांगतो, कारण तीत कष्ट फार आणि विनोद कमी आहे. जहाजाचा मधला घेर शंभर मिलिमीटर असेल तर पाच मिलिमीटरच्या वीस पट्ट्या तिथे सुखाने बसतात. पण नाळेशी उंचीच साठ मिलिमीटर, आणि पट्ट्या तर त्याच वीस. म्हणून प्रत्येक पट्टीला टोकाकडे तीन मिलिमीटरपर्यंत निमुळती करावी लागते, आणि हे ज्याच्या ध्यानात येत नाही त्याच्या पट्ट्या नाळेवर एकमेकींच्या अंगावर चढतात. डावीकडे एक बसली की उजवीकडे एक बसवावयाची. एकाच कुशीचा उत्साह आला तर वाळता सरस जहाजाचा कणाच पिळून टाकतो. वळण देण्यासाठी पट्ट्या गरम पाण्यात भिजवाव्या लागतात, आणि घरात गरम पाण्याचा एकच बंब असल्यामुळे स्नानाचा क्रम काही काळ आधी पट्ट्या, मग मंडळी असा राहिला. कपड्यांच्या इस्त्रीवर पट्टी वाकवण्याची युक्ती साहेबांनी स्वतः शोधली. धोब्याचे बिल त्या महिन्यात वाढले.

कूस पुरी झाली, घासून झाली, जवसाच्या तेलाचा हात बसला, आणि हळदूला जो मधासारखा रंग चढला तो पाहावयास शेठजी स्वतः आले. त्यांनी बोट फिरवून पाहिले, मागून पाहिले, खालून पाहिले, आणि म्हणाले, "छान झालंय. सागवानाचं असतं तर आणखी छान झालं असतं."

आता दोरांचे काम उरले होते, आणि त्यात साहेब निर्धास्त होते. सूत म्हणजे त्यांचे राज्य. गुराबेच्या डोलकाठीला बांधावयाचा दोर वऱ्हाडच्या कापसाचा असावा, हा या सर्व खटाटोपाचा मूळ हेतूच होता. एवढ्यात त्यांच्या मुलाने पुण्याहून जहाजे बांधणाऱ्यांसाठी लिहिलेले एक जाडजूड पुस्तक पाठवले. त्यात दोरांविषयीचा मजकूर वाचताना साहेबांचा चेहरा उतरत गेला. कापसाच्या दोऱ्याला लव असते, ती उभी राहते, तीवर धूळ बसते, आणि अठ्ठेचाळीस पटीने तिच्याकडे पाहिले तर प्रत्येक दोराला दाढी फुटल्यागत दिसते. सबब कापूस टाळावा, लिनन वापरावे, असा अभिप्राय होता. साहेबांनी पुस्तक मिटले, उघडले, आणि तो भाग पुन्हा वाचला. मग हातातल्या रुईचे तंतू ओढून पाहिले. मग मला विचारले, "लिनन म्हणजे जवसच ना?"

जवसच. तेच झाड. फक्त आपल्याकडे ते तेलासाठी पेरतात, बुटके आणि फांद्या फुटलेले असते, त्याच्या सालीतून दोऱ्याच्या लायकीचा तंतू निघत नाही. तिकडे सुतासाठी उंच वाढवतात. हे मी सावकाश सांगत होतो. साहेबांची नजर अंगणातून फाटकाबाहेर, मागल्या रस्त्याने जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या गाड्यांवर खिळली होती. आत फोडणीचा आवाज झाला आणि मागोमाग वहिनींचा.

"जवस पाहिजे असेल तर चटणी केलीये कालच. दोर लागत असेल तर तिचाच वळा."